रुक्मे, तुला खाऱ्या पाण्यात नाही

रुक्मे, तू सध्या अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेली आहेस. लाल फडक्यात, खालच्या फांदीला, जिथं उन्हाळ्यात तू चिमण्यांसाठी पाण्याचं गाडगं बांधायचीस तिथंच. अस्थी घरात आणायच्या नसतात म्हणून तू बाहेर, आणि मी ओट्यावर. मधे एवढंसं अंगण. इतक्या अंतरावरून आपण दोघी जावा जन्मभर भांडलो, आता तू एक शब्द बोलत नाहीस. मला हे जमून नाही राहिलं, बाई.

मी बोलते तसंच लिहिते. शाळा मी पाहिली नाही, पोरं पाटीवर गिरवायची तेव्हा भाकरी थापता थापता अक्षरं उचलली. तू म्हणायचीस, "अक्का, तुमचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकिरडा उकरलाय." असू दे. उकिरड्यातूनच कोंबडीला दाणा सापडतो.

तर ऐक. तुझ्यावरून भावकीत भांडण पेटलंय. आपले चुलत दीर, तात्या, म्हणतात तुला गोकर्णाला न्यायचं आणि समुद्रात सोडायचं. जिथं तू तुझ्या नवऱ्याच्या अस्थी सोडून आलीस तिथंच. मी म्हणते न्हाई. सुनंदा लातूरहून आली आहे, तुझी एकुलती लेक, रडून रडून तिचे डोळे सुजलेत. ती अजून काहीच बोलत नाही. सगळं तिच्यावर येऊन ठेपलंय.

तू कशी गेलीस ते लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येतं, तर लिहूनच टाकते. अवकाळी आभाळ आलं आणि तू केळीच्या मळ्यात म्हैस सोडायला पळालीस. मी ओसरीत होते. आधी पांढरा उजेड पडला, मग असा आवाज की जमीन पायाखाली फुटली. गेले तेव्हा म्हैस एका अंगाला पडलेली, तू दुसऱ्या अंगाला, दोर अजून तुझ्या मुठीत. कमरेच्या जुडग्यातल्या किल्ल्या काळ्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. अंगावर, गळ्यापासून पोटापर्यंत, झाडाच्या फांद्यांसारखी लाल नक्षी उठली होती. तुला आंघोळ मी घातली, म्हणून मला माहीत आहे. मी ती नक्षी धुऊन राहिले आणि मनात आभाळाला शिव्या देऊन राहिले. एवढी झाडं उभी होती, विजेचे खांब होते, तात्यांचा नवा दुमजली बंगला होता. मारायला सापडलीस तू. तुझ्या अंगावर कोरी जागा राहिलीच कुठं होती, की आभाळालाही हात साफ करून घ्यावासा वाटला?

राख सावडताना तात्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बळीरामाचा कोप हाय ह्यो. नवऱ्याला गंगा नाकारली हिनं. आता तरी दोघांला एक करा, न्हाईतर घर जळंल."

गंगा म्हणजे आपली गोदावरी. शेताच्या कडेनं वाहते ती.

म्हणून मला ते गोकर्ण सारखं आठवून राहिलंय.

दोन पावसाळे झाले त्याला. भाऊजी गेले होते. त्यांना तोंडावर भाऊजी म्हणायचं; मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही, हे वाचायला पोरीबाळी आहेत. दारूनं काळीज सडलं आणि अंथरुणातच गेले. तिसऱ्या दिवशी सगळे गंगेवर निघाले, गुरुजी येऊन बसले, आणि तू अंगणाच्या मधोमध अस्थींचं गाठोडं छातीशी धरून उभी राहिलीस.

"गंगेत न्हाई घालायचं ह्यांना."

"मग कुठं घालती?" तात्या म्हणाले. "डोस्क्यात?"

"गंगेचं पानी आपल्या केळीला जातंय. हळदीला जातंय. नळाला तेच, माठात तेच. एवढी वर्षं ह्यांनी बाहेरून हानलं. आता माझ्या पोटात जाऊन हानू देऊ? मी ह्यांना पिनार न्हाई."

गुरुजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. मीच बोलले, आणि तुझ्या विरोधात बोलले. "रुक्मे, आई हाय ती. ती सगळ्यांना घेती. चांगलं वाईट बघत न्हाई."

"आई हाय म्हनून तर. आईच्या पोटात मारेकरी घालायचा का, अक्का?"

खरं सांगू, माझं अजून ठरत नाही. कधी वाटतं नदीनं निवड करू नये, ती नदी आहे, तहसील नाही. आणि कधी तुझी पाठ आठवते.

तू निलंग्याकडची, सीमेवरच्या गावची. तुझ्या घरात अर्धी भाषा कानडी. सासरी आलीस तेव्हा घाबरलीस की तुझ्या तोंडून कानडीच निघायची. एकदा जेवायला बोलवायला गेलीस, कानडीत काही तरी म्हणालीस, आणि "मला शिव्या देती का?" म्हणत त्यानं पितळी पायली फेकून मारली. कपाळावरची खोच ती तिथली. मी हळद भरताना विचारलं, काय म्हणाली होतीस गं? तू म्हणालीस, "भाकरी गार होऊन राहिली, एवढंच."

मग ते चालूच राहिलं. भाकरी करपली, हाण. बैल सुटला, हाण. पोरगी झाली, हाण. बैलाचा आसूड, चुलीतलं लाकूड, विळ्याची मूठ. उजव्या हाताची करंगळी पाटाखाली मोडली, ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही. तोंड मात्र तू मिटलं नाहीस. दुसऱ्या बाया सुजलेलं तोंड घेऊन "पायरीवरून पडले" म्हणतात. तू पाणवठ्यावर जाऊन मोठ्यानं सांगायचीस, "नवऱ्यानं हानलं. कालवनात मीठ जास्त झालं म्हनून. आज घालतच न्हाई मीठ, खाईल तसंच." आणि खरंच घालायची नाहीस. आणि पुन्हा मार खायचीस.

त्याचं एक होतं. म्हशीवर मात्र त्यानं कधी हात उचलला नाही. कुणी तिला काठी लावली तर अंगावर जायचा. तिला स्वतः धुवायचा, तिच्याशी बोलायचा. तू म्हणायचीस, "पुढच्या जल्मी मी ह्याच घरात येते, पन गोठ्यात."

मी एकदा मधे पडले तर माझा पुढचा दात गेला. दुसऱ्या वेळी मुसळ घेऊन मधे पडले, तेव्हा त्याची बरगडी गेली. आमचे हे मला बोलले, "नवरा-बायकोत तू कामून शिरती?" पण मला राग त्यांचा नाही आला, तुझा आला. मी मुसळ टाकून मागं वळले तर तू चुलीवर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याला शेक देऊन राहिली होतीस. मी माझ्या दाताची किंमत मोजलेली, आणि तू त्याची बरगडी कुरवाळत होतीस! पुढं सगळी सुगी सरली तरी मी तुझ्याशी बोलले नाही. एका चुलीवर दोघींच्या भाकरी, आणि पीठ मागायचं तर मांजराला सांगून: "मनी, तुझ्या मावशीला म्हन, पीठ संपलंय."

तेव्हापासून तो शेक आपल्या दोघींच्या मधे पडून होता. गोकर्णाच्या लॉजवर तो उचलला गेला. ते सांगते.

उदगीर, बिदर, गुलबर्गा, हुबळी, अशा गाड्या बदलत आपण गेलो. आपल्यात मयताला सांगायची रीत आहे. नदी ओलांडताना, गाडी बदलताना म्हणायचं असतं, "चला, पूल आला," "चला, दुसरी गाडी आली," नाहीतर जीव वाटेत अडकतो. प्रत्येक स्टँडवर तू गाठोड्याला म्हणत होतीस, "उतर." एवढंच. "चला"सुद्धा नाही. मी म्हणाले, अगं मानानं सांग. तू म्हणालीस, "ह्यांनी मला कवा मानानं गाडीत बसवलं?"

आणि ते लॉज! देवळाजवळच्या सगळ्या धर्मशाळा भरलेल्या, म्हणून रिक्षावाल्यानं आपल्याला पार समुद्राच्या तोंडावर नेऊन सोडलं. सगळ्यात स्वस्त म्हणून सोडलं, आणि स्वस्तच होतं ते. गादीतून वाळू निघत होती, चादर ओलसर, नळ गळका, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक. भिंतीवर कुणी तरी निळ्या रंगानं ही मोठी लाट काढलेली. अंगणात माणसापेक्षा उंच अशा रंगीत फळ्या उभ्या करून ठेवलेल्या. मला वाटलं दारं आहेत, बांधकाम चालू असेल. ती समुद्रावर चालायची फळी, असं आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या फळीवर पालथं पडून आत जायचं आणि लाटेच्या डोक्यावर उभं राहून परत यायचं. ह्याच्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडून येतात. आपण एक समुद्र बघायला साठी गाठली.

अंगणात एक आंब्याचं झाड होतं. तू गाठोडं त्याच्या फांदीला टांगलंस. शेजारच्या फांदीवर पोरींचे ओले रबरी कपडे वाळत होते, काळे, अंगाच्या आकाराचे. त्यांच्या रांगेत आपले भाऊजी.

"बस हितं," तू त्याला म्हणालीस.

त्या पोरी आखूड चड्ड्यांत फिरत होत्या. मी पदर तोंडाला लावला. मला वाटलं तू काही तरी वाकडं बोलशील. बोललीस पण. "ह्यांच्या मायबापाला कापड महाग पडलं जनू." मग बराच वेळ बघत राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "पाय बघा, अक्का. कुठं एक वळ न्हाई."

सकाळी मला जाग आली ती धप् धप् आवाजानं. वाटलं कुणी गादी झटकतंय. खिडकीतून बघते तर तू कपड्यांच्या दोरीला टेकू दिलेला बांबू काढून घेतलेला, कासोटा खोचलेला, आणि झाडाखाली उभी राहून गाठोड्याला हाणत होतीस. एकेक फटक्याला एकेक सांगत होतीस. "ही करंगळीची. ही सुनंदाच्या वेळची, पोटावरची. ही माझ्या बापाच्या देखत मारली ती." गाठोडं झोके खात होतं. आत हाडं वाजत होती. मी जिना उतरून धावले, देवा, अस्थींना काठी! सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. पण खाली आल्यावर तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी तुला अडवलं नाही.

फळ्यांच्या पोरी भोवती गोळा झाल्या होत्या. त्यांना शिकवणारी गौरी, तिथल्याच कोळ्याची पोर, मिठानं केस तांबडे झालेली, तिनं तुला कानडीत काही विचारलं. तू धापा टाकत उत्तर दिलंस. गौरीनं ते बाकीच्यांना सांगितलं आणि काय झालं ठाऊक आहे ना? त्या सगळ्या गोऱ्या पोरी ओळीनं उभ्या राहिल्या, हात जोडून, डोळे मिटून.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"आमच्यात पोचवायच्या आधी धूळ झाडतात, म्हनलं."

आणि मग तू बांबू माझ्या हातात दिलास. "घ्या, अक्का. तुमचा दात."

मी घेतला. एकच मारली. पण मन लावून मारली.

लॉजच्या पुढ्यातल्याच किनाऱ्यावर तिथल्या गुरुजींनी मंत्र म्हटले, पिंड झाले, आणि आपण पाण्यात उतरलो. गंगेत कसं, हात सोडला की वाहून जातं. इथं तसं नाही. तू गाठोडं सोडलंस, लाट आली, आणि ते तुझ्या पायाशी परत आणून टाकलं. पुन्हा टाकलंस, पुन्हा आलं. फडकं भिजून काळंलाल, वाळूनं भरलेलं, तुझ्या पायाला चिकटून बसलं.

"बघा," तू म्हणालीस. "असाच यायचा."

मला कळलं तू काय म्हणतेस. मार खाऊन तू माहेरी पळायचीस, आणि पंधरवडा होत नाही तोवर हा तुझ्या बापाच्या अंगणात हजर. डोक्यावरचं पागोटं बापाच्या पायावर, डोळ्यांत पाणी, "पुन्ना न्हाई हात लावनार." आणि बाप शिदोरी बांधून तुला त्याच्या मागं धाडायचा. दर वेळी. बापाला वाटायचं रडणारा पुरुष खोटा नसतो.

तिसऱ्या वेळी तू गाठोडं उचललंस आणि तशीच आत शिरलीस. कमरेइतकं पाणी, छातीइतकं. मी ओरडले. समोरून लाट उठली, बैल अंगावर येतो तशी, मान खाली घालून. तिनं तुला उचललं आणि आपटलं. तू दिसेनाशी झालीस. मग एक पाय दिसला, मग लुगडं, मग तुझं डोकं. उभी राहिलीस तर नाकातून रक्त येत होतं, केस सुटलेले, गाठोडं काखेत तसंच. दुसरी लाट आली तर तू तिला हाणायला लागलीस. दोन्ही हातांनी. चापट, बुक्की, लाथ. आणि ज्याचं नाव तू लग्नात उखाण्यातसुद्धा लाजत घेतलंस ते तू समुद्राला ओरडून सांगत होतीस. "बळ्या! ये! ये ना, बळ्या! हान आता!" लाट हाणत होती, तू उलटून हाणत होतीस. मार अंगावर येत असताना तुझा हात उठलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. मी किनाऱ्यावर छाती बडवत उभी, आणि आतून कुणी तरी म्हणत होतं, हाण, रुक्मे, हाण.

गौरीनं तुला पदर धरून बाहेर ओढलं. ती म्हणाली, मी नेते फळीवर, लाटा फुटतात त्याच्या पलीकडं सोडून येते, तिथून काही परत येत नाही. तू मान हलवलीस.

"दुसऱ्यानं पोचवलेला परत येतो. मीच जानार."

अशी तू गेलीस. पिवळ्या फळीवर पालथी पडून, गाठोडं पदरानं पोटाशी बांधून, आणि गौरी फळीला धरून पोहत पोहत तुला ढकलत होती. मी सगळ्या देवांना नवस बोलले. त्यातले निम्मे अजून फेडायचे आहेत. लाट आली की फळीचं तोंड आभाळाकडं उठायचं आणि मला तुझे पाय दिसायचे, भेगा पडलेल्या टाचा. मग खाली. मग पुन्हा वर. मग पलीकडं, जिथं पाणी नुसतं श्वास घेतल्यासारखं हलतं, तिथं फळी थांबली. तुझा हात वर गेला आणि उघडला.

तू काय बोललीस ते मला गौरीनं सांगितलं. "होगो," म्हणालीस. जा रे. त्यानं जी भाषा तुझ्या तोंडातून पायली मारून काढली होती, तिच्यात.

येताना गौरीनं फळी लाटेच्या पुढं सोडली. लाटेनं तुला ढकललं आणि तू आलीस. तोंड उघडं, किंकाळी की हसू ते कळेना, पांढरे केस मागं उडालेले. वाळूवर घसरत माझ्या पायाशी येऊन थांबलीस. मी रडत होते. तू तोंडातली वाळू थुंकलीस आणि म्हणालीस, "अक्का, मला अजून एकदा जायचंय."

आणि गेलीस! सुतकातली बाई! मी कपाळावर हात मारून बसले, आणि त्या पोरी टाळ्या वाजवत होत्या.

दुपारी लॉजवर त्या वाळूच्या गादीवर तू पडलीस, अंगभर निळे डाग. लाटांचे. मी स्वयंपाकघरातून बाटलीत गरम पाणी आणलं आणि तुझी पाठ शेकायला बसले. तू म्हणालीस, "ह्यो मार मी मागून घेतला, अक्का. दुखतंय. पन बरं दुखतंय." मग पालथीच, तोंड उशीत, म्हणालीस, "त्या शेकावरून तुमी अजून रागावून हाव ना?"

मी बाटली उलटी करून पुन्हा लावली.

"त्याला रात्रभर खोकल्यातून रक्त पडलं होतं. तुमाला कुनी सांगितलं न्हाई. तो मेला असता तर मुसळ कुनाच्या हातात होतं? पोलीस तुमाला घिऊन गेले असते. मी त्याला न्हवते शेकत. मी तुमाला शेकत होते."

रुक्मे, एवढी वर्षं तू हे पोटात ठेवलंस. सुगीभर मी मांजराशी बोलले तरी ठेवलंस. आणि मी बडबडी बाई, गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मी नुसती बाटली फिरवत राहिले. तेव्हा जे म्हणायचं होतं ते आजपर्यंत म्हटलं नाही. बाटली गार झाली, तू झोपलीस.

झोपायच्या आधी बोललीस ते मात्र मी विसरले नाही. "मला गोड्या पान्यात घाला बरं का. आपल्याच. आन शहरात घाटावर न्हाई, पुढं वाहून तेलंगणात जाईन, तिथं मला कोन वळखतं? आपल्या नळाला पानी देनाऱ्या नदीकाठच्या विहिरीच्या वरच्या अंगाला घाला. म्हंजे तुमच्या माठात येईन."

मी म्हणाले, "चल, मी तुझ्याहून थोरली. आधी मी जाते."

"बघू," तू म्हणालीस. ते भांडण तू जिंकलंस. मला न विचारता जिंकलंस.

एवढं लिहून मी ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

काल सकाळी तात्या जीप घेऊन दारात आले. "सुनंदा, चल. गोकर्णाला निघू. आईबापाला एक करू."

मी काठी टेकत ओट्यावरून उतरले. "तिनं मला सांगून ठेवलंय. गंगेत घालायचं."

"वहिनी, तुमी गप ऱ्हावा. कोप कळतो का तुमाला? वीज अशी कुनावर बी पडती का?"

"कोपच असता तर म्हशीला सोडलं असतं त्यानं," मी म्हणाले. "म्हशीला त्यानं जन्मात बोट लावलं न्हाई. वीज त्याच्या हातात असती तर म्हैस आज रवंथ करत बसली असती."

लोक हसले. तात्यांना ते झोंबलं. त्यांनी पुढं होऊन फांदीला हात घातला, तुझ्या गाठोड्याला. आणि माझ्या हातातली काठी उठली, रुक्मे. मी उचलली म्हणत नाही, ती उठली. त्यांच्या मनगटावर बसली, कट् असा आवाज झाला. तात्या हात धरून खाली बसले.

"म्हातारपनी मानसावर हात उचलता, वहिनी?"

"तुमच्याच घरात शिकले."

मग दोघं-तिघं पुढं आले, कुणी मला धरलं, कुणी तात्यांना, माझा पदर फाटला, कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. आणि त्या गोंधळात सुनंदा झाडाजवळ गेली. तिनं हळू गाठ सोडली आणि तुला खाली घेतलं. लहानपणी ती उतरंडीमागं लपून सगळं बघायची, कानात बोटं घालून. काल तिनं तुला तसं छातीशी धरलं जसं तू तिला धरायचीस, पाठ मारणाऱ्याकडं करून.

"तात्या," ती म्हणाली, आवाज हळू, पण सगळ्यांनी ऐकला. "माझ्या आज्यानं हिला दर वेळी माझ्या बापाच्या मागं परत पाठवलं. मी न्हाई पाठवनार."

संपलं. जीप रिकामी गेली.

आम्ही दोघीच गेलो. केळीतून, जिथं अजून ते जळकं गवत आहे तिथून, नदीवर. नळाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, तू म्हणाली होतीस तिथं. पाणी संथ होतं. सुनंदानं फडकं उलगडलं आणि हात पाण्यात धरला. तू परत आली नाहीस, अडली नाहीस, नुसती गेलीस. मी वाकून म्हणाले, "चला, रुक्मिणबाई, गंगा आली." मानानं म्हणाले. आणि त्या लॉजवर जे राहिलं होतं तेही तिथंच म्हणाले. ते तुला पोचलं असेल, इथं लिहीत नाही.

आज सकाळी नळाला पाणी आलं. सगळ्या गल्लीत घागरी वाजल्या, तात्यांच्या बंगल्यावरची टाकीसुद्धा धो धो भरली. पहिला तांब्या मी भरला आणि उभ्यानंच प्यायले. माझा ओठ सुजलाय कालच्या कोपरानं, त्याला पाणी गार लागलं.

मग दुसरा भरला. तो तुझ्यासाठी नाही. मला तहान लागली होती.